एक ते चारशे बारा

डोळ्यांच्या एका दवाखान्यातून सोमवारी सकाळी तेराशे माणसांना मेसेज गेला आणि त्यांतल्या निदान साठ जणांना वाटलं, आपले डोळे गेले.

मेसेज साधाच होता, दर सहा महिन्यांनी जातो तो: आपल्या तपासणीची वेळ झाली आहे, येऊन जावे. पण या खेपेला तोच जुना साठवलेला मजकूर नव्या अ‍ॅप्लिकेशनमधून गेला. आपल्या अक्षरांच्या जागी उमटला तो डोक्यावर तिरका फटकारा असलेला परदेशी ए, त्याच्यामागे चार पाय फुटलेलं एक गोल चिन्ह, त्याच्यामागे आणखी काहीबाही. मग पुन्हा तोच ए आणि तेच चार पायांचं गोल. शेवटपर्यंत असंच. पाठवणारा डोळ्यांचा डॉक्टर, त्यामुळे चूक मेसेजची असेल हे कोणाच्या मनातही आलं नाही. माणसं घाबरून थेट दवाखान्यात आली आणि अक्षरांच्या जागी किडे दिसतात म्हणून सांगू लागली. डॉक्टरांनी पहिल्या तिघांच्या डोळ्यांत थेंब घालून त्यांना अंधाऱ्या खोलीत बसवलं. चौथ्या बाईंनी मोबाइलच डॉक्टरांच्या नाकासमोर धरला. डॉक्टरांनी स्वतःचा चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि मग लेकीला हाक मारली.

हे सगळं मला कळलं ते गुरुवारी. त्या दवाखान्याच्या काउंटरवर एकोणीस वर्षं माझ्या थोरल्या जाऊबाई बसतात, आणि कुठलीही गोष्ट घडल्या दिवशी सांगायची नाही हा त्यांचा स्वभाव आहे. माझं बरोबर उलट. मला राग आला की तो आधी बाहेर पडतो आणि कारण मागून येतं. लोकांचे बिघडलेले प्रोग्रॅम दुरुस्त करून मी पोट भरते, आणि दिवसभर दुसऱ्यांच्या चुका बघत बसलेल्या माणसाचा स्वभाव सुधारत नाही.

"वेळ आहे का गं तुला?" त्यांनी फोनवर विचारलं. "कॉम्प्युटरचं जरा बघायचं होतं."

"काय झालंय, वहिनी?"

"ये, मग सांगते."

मी पोचले तेव्हा बाहेरच्या खोलीत खुर्च्या भरून दोन माणसं भिंतीला टेकली होती. वहिनी काउंटरमागे नेहमीसारख्या ताठ बसल्या होत्या, पण मला बघून उठल्या आणि न बोलता मागच्या कोठीत घेऊन गेल्या. चष्म्याच्या फ्रेमची खोकी, लादी पुसायची बादली आणि त्या दोघांच्या मधोमध दवाखान्याचा सर्व्हर, अशी ती कोठी. दार लोटून घेत त्या म्हणाल्या, "शनिवार माझा शेवटचा."

"कसला शेवटचा?"

"इथला. नवीन अ‍ॅप्लिकेशन बसवायला जे गृहस्थ आलेत, ते म्हणाले, काउंटरवर इतकी वर्षं चुकीचं टाइप झालंय, म्हणून सगळी जुनी माहिती नासली. मॅडमनी बाहेर सगळ्यांसमोर मला विचारलं, काकू, असं कसं केलंत? आणि मग म्हणाल्या, शनिवारपर्यंत या, पुढे नको."

मॅडम म्हणजे डॉक्टरांची लेक. दवाखान्याचा कारभार आता ती बघते. तिच्या शाळेच्या दप्तराचा बंद तुटला तर वहिनी काउंटरवर बसून शिवून द्यायच्या, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

"घरी सांगितलंत?"

"नाही." त्यांनी एका खोक्यावरची धूळ उगाच पुसली. "पगाराचं नाही एवढं. पण रविवारनंतर सकाळी उठून मी जायचं कुठे, ते मला सुचत नाहीये."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला दोन कारणं होती आणि दोन्ही सांगते. एक, वहिनींची टायपिंगची चूक होत नाही. आमच्या घरच्या लग्नाच्या पत्रिकेतले आमचे सगळ्यांचे हात फिरून सुटलेले दोष त्यांनी उभ्या उभ्या काढले होते. आणि दुसरं, दवाखान्याचा जुना प्रोग्रॅम मी लिहिलेला होता. अकरा वर्षांपूर्वी, त्यांच्या शब्दाखातर, तीन दुपारी बसून. तेव्हापासून एकही तक्रार नाही. डॉक्टरांना मी आठवत नव्हते आणि लेक तेव्हा शिकायला बाहेर होती, त्यामुळे वहिनींनी नातं न सांगता नेऊन उभं केल्यावर तिने माझी ओळख 'बाहेरच्या तज्ज्ञ' अशी करून दिली. मीही ती तशीच राहू दिली. परक्या माणसाने झापलं की जास्त लागतं, आणि मला झापायचं होतं.

ज्यांना झापायचं ते गृहस्थ पन्नाशीचे, नम्र आणि छातीशी प्लॅस्टिकचं फोल्डर धरलेले होते. मी मनात त्यांचं नाव फोल्डर ठेवलं. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "आमच्या बाजूने सगळं व्यवस्थित आहे."

हे वाक्य मी वीस वर्षं ऐकते आहे. जगात कुठेही दोन कॉम्प्युटर एकमेकांशी बोलेनासे झाले की दोन्हीकडची माणसं हेच म्हणतात.

मी बसले आणि आधी मेसेज बघितला. तो फटकाऱ्याचा ए आणि त्याच्यामागचा किडा दिसताच मला हायसं वाटलं. हा रोग माझ्या ओळखीचा आहे. कॉम्प्युटरला अक्षरं कळत नाहीत, आकडे कळतात. परदेशी अक्षर एका आकड्यात मावतं, आपल्या अक्षराला तीन आकडे लागतात. तीन मिळून एक अक्षर आहे हे वाचणाऱ्याला ठाऊक असेल तर अक्षर दिसतं. ठाऊक नसेल तर तो एकेका आकड्याला एकेक परदेशी अक्षर समजतो आणि एकाचे तीन होतात. आपल्या लिपीतल्या सगळ्या अक्षरांचा पहिला आकडा तोच असतो, म्हणून दर वेळी तोच ए.

"मेलेलं काही नाही," मी वहिनींना दारातून ओरडून सांगितलं. "सगळं जिवंत आहे. फक्त कोणीतरी वाचतंय चुकीचं."

बाहेर बसलेल्या आजोबांनी शेजारच्याला विचारलं, "आत ऑपरेशन चाललंय का?"

मग मी दोन्हीकडून तपासायला घेतलं. नव्या अ‍ॅप्लिकेशनमधून एक नवं नाव टाकलं: तिथे ते नीट दिसलं. जुन्या प्रोग्रॅममध्ये तेच उघडलं: नुसती प्रश्नचिन्हं. जुन्या प्रोग्रॅममध्ये मधली पाच-सहा जुनी नावं उघडली: सगळी नीट. तीच नव्यात उघडली: किडे. म्हणजे दोघांपैकी एकजण डेटाबेसशी खोटं बोलत होता. कोण, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. मी फोल्डरच्या अ‍ॅप्लिकेशनच्या सगळ्या सेटिंग एकेक करून उघडल्या. सगळ्या बरोबर निघाल्या. माझा पारा चढला. बरोबर निघणाऱ्या माणसाचा राग जास्त येतो.

शेवटी मी डेटाबेसच्या पोटात शिरले आणि तिथे सापडलं. साडेआठ हजार पेशंटची नावं, पत्ते, डॉक्टरांच्या नोंदी, सगळं परदेशी अक्षरं म्हणून साठवलेलं. तीन तीन आकडे सुटे करून.

तोपर्यंत डॉक्टरांची लेकही माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "हे ज्याने कोणी करून ठेवलंय ना, त्याला कॉम्प्युटरला हात लावू देता कामा नये. अक्कल गहाण टाकून लिहिलंय."

फोल्डरनी नम्रपणे फोल्डर उघडलं आणि माझं वाक्य तारखेसकट लिहून घेतलं.

आता नीट काम कसं करतात ते त्यांना दाखवावं म्हणून मी माझा जुना प्रोग्रॅम उघडला. प्रोग्रॅमने डेटाबेसशी बोलायला सुरुवात करताना आधी सांगायचं असतं की मी कुठल्या लिपीत बोलतोय. ही ओळ वरच असते. माझ्या प्रोग्रॅममध्ये ती चौदावी होती. तिच्यात लिहिलं होतं: परदेशी. आणि तिच्या पुढे, माझ्याच शब्दांत, मीच माझ्यासाठी लिहून ठेवलेली टीप होती: 'तात्पुरतं. घाई आहे. नंतर नीट करणे.'

मी स्क्रीन एकदम खाली ओढली.

"सापडलं?" लेकीने विचारलं.

"बघतेय," मी म्हणाले.

मला ती दुपार आठवली. अक्षरं प्रिंटरवर उमटत नव्हती, काहीतरी करून बघितलं आणि उमटली, आणि मी पर्स उचलून घरी गेले. सामान ठेवायच्या खोलीत काचेची भांडी द्यायची आणि पावतीवर 'कपडे' लिहायचं, असला तो प्रकार. खोलीवाला खोकं न उघडता ठेवणार, न उघडता परत देणार. घरी आल्यावर भांडी शाबूत. अकरा वर्षं कोणाला पत्ता नाही. मग नवा माणूस येतो आणि म्हणतो, ते कपडे जरा इस्त्री करून द्या. खोलीवाला प्रामाणिक आहे. तो इस्त्री फिरवतो.

फोल्डर खरंच बरोबर होते. वहिनी बरोबर होत्या. खोटं मी बोलले होते, घाईत, एका ओळीत, आणि त्याची शिक्षा वहिनींना शनिवारी होणार होती. हे तेव्हाच सांगायला हवं होतं. पण माझ्या वाक्यावरची शाई अजून वाळली नव्हती, आणि मला लाज वाटली. मी ठरवलं, आधी दुरुस्त करू, मग बघू. नीट पाहिलं तर चौदाव्या ओळीत मी हेच लिहिलं होतं.

दुरुस्ती अवघड नव्हती. सगळ्या माहितीची एक प्रत काढली, प्रतीवर तेच खोटं उलटं फिरवलं, सुटे झालेले तीन तीन आकडे पुन्हा एकत्र बांधले. पाच मिनिटांत साडेआठ हजार माणसं आपापल्या नावानिशी उभी राहिली. लेकीने सुस्कारा सोडला. मी यादी वर वर सरकवत पहिल्या पानापर्यंत आणली आणि माझा हात थांबला.

नोंद क्रमांक एक ते चारशे बारा. नावाच्या जागी प्रश्नचिन्हं. पत्त्याच्या जागी प्रश्नचिन्हं. डॉक्टरांच्या नोंदींच्या जागी लांबलचक प्रश्नचिन्हं.

किडे परवडले, प्रश्नचिन्ह नको. किड्याच्या पोटात अक्षर असतं. प्रश्नचिन्हाच्या पोटात प्रश्नचिन्हच असतं. ज्या कप्प्यात अक्षर मावत नाही त्यात ते कोंबायला गेलं की डेटाबेस हात झटकतो, अक्षर फेकून देतो आणि त्या जागी एक प्रश्नचिन्ह ठेवून मोकळा होतो.

"हे कोणी केलं?" मी विचारलं.

फोल्डरनी फोल्डर छातीशी घेतलं. "सोमवारी मी एक रूपांतर चालवून बघितलं होतं. चारशे बारावर लक्षात आलं, म्हणून थांबवलं."

"आधी बॅकअप घेतला होता?"

"घेतला होता. नंतर."

"आणि जुन्या बॅकअपची डिस्क होती ना एक?"

"ती रिकामी करून त्यावरच आमचं अ‍ॅप्लिकेशन बसवलंय. आमच्या बाजूने..." एवढं बोलून ते स्वतःच गप्प झाले. त्यांना तेवढी लाज होती, हे मी मान्य करते. दुपारपासून या खोलीत मला भेटलेला तो पहिला प्रामाणिक माणूस.

"कागदी कार्डं असतील की," लेक म्हणाली. "काकू, जुनी कार्डं?"

वहिनी दारात उभ्या होत्या. "ती टाकून दिली. प्रोग्रॅम आला तेव्हा सांगितलं होतं, आता कागदाची गरज नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सांगणारी मीच होते.

ही चारशे बारा माणसं सर्वांत जुनी. त्यांच्या डोळ्यांवर डॉक्टरांची वीस-वीस वर्षं नजर. प्रश्नचिन्हांत फक्त आकडे तेवढे वाचले होते, कारण आकडे परदेशी काय आणि देशी काय, एकाच खणात मावतात. म्हणजे फोन नंबर होता आणि चष्म्याचा नंबर होता. माणूस नव्हता.

"मग फोन करू," लेक म्हणाली. "त्यात काय."

तिने स्पीकर चालू करून पहिला नंबर फिरवला. "नमस्कार, डोळ्यांच्या दवाखान्यातून बोलतेय. आमच्याकडे तुमची नोंद आहे, फक्त तुमचं नाव सांगता का?"

"माझी नोंद आहे आणि नाव नाही?" पलीकडून आवाज आला. "सोमवारी तो किड्यांचा मेसेज तुम्हीच पाठवलात ना? आता पुढे काय विचारणार, बँकेचा नंबर?" आणि फोन बंद.

दुसऱ्या बाईंनी आमचं बोलणं रेकॉर्ड होत असल्याचं आम्हाला सांगितलं. तिसऱ्याने आपलं नाव सांगितलं, पण ते इतकं विचित्र होतं की तो चेष्टा करतोय हे फोल्डरच्याही लक्षात आलं. चौथे गृहस्थ प्रेमळ होते. ते म्हणाले, "पोरी, हे असले धंदे सोड, चांगली नोकरी बघ." त्यानंतर लेकीने फोन फोल्डरकडे दिला. फोल्डरच्या नम्र आवाजाचा लोकांना आणखीच संशय आला. बारा फोनांत एक नाव मिळालं, आणि तेही नवऱ्याचं की बायकोचं ते ठरेना.

वहिनी पुढच्या पेशंटला कधी सोडू विचारायला आत आल्या होत्या. माझ्या खांद्यावरून त्यांची नजर स्क्रीनवर गेली.

"सतरा नंबर?" त्या म्हणाल्या. "उजवा मायनस साडेसहा आणि डावा मायनस दोन? ते घड्याळं दुरुस्त करतात ते. जन्मभर एकाच डोळ्याला भिंग लावून बसलेत." आणि त्यांनी नाव सांगितलं, आडनावासकट.

लेकीने नंबर फिरवला आणि ते नाव घेऊन नमस्कार केला. "बोला," पलीकडचा आवाज म्हणाला. "चष्मा तयार झाला का?"

आम्ही तिघं वहिनींकडे बघत राहिलो. मी हळूच अठरावी नोंद पुढे घेतली.

"दोन्ही प्लस चार, जवळचा. त्या लायब्ररीतल्या. चष्मा गळ्यातल्या दोरीला असतो आणि शोधत असतात टेबलावर." नाव. फोन. बरोबर.

"एकोणीस?"

"काचेचा कोन, अ‍ॅक्सिस, किती लिहिलाय? एकशे पाच? मग दोघी बहिणींतली धाकटी. दोघींचा नंबर सारखाच आहे, थोरलीचा अ‍ॅक्सिस नव्वद. थोरली पुढे सापडेल बघ, पन्नासच्या आत." थोरली त्रेचाळीसला सापडली.

वीस, एकवीस, बावीस. एका नोंदीला त्या अडल्या. डोळे मिटून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे सहा वर्षांनी आले होते परत, मध्ये कुठेतरी बदली झाली होती. ट्रकवाले नव्हे, बस चालवतात. थांब, मुलीचं नाव आठवतंय, त्यांचं येईल मागोमाग." आलं. फोल्डरनी आपलं फोल्डर खाली बादलीवर ठेवलं आणि दोन्ही हात मोकळे करून नुसते ऐकत राहिले. डॉक्टरसुद्धा मधेच डोकावले, दोन नोंदी ऐकल्या, आणि वहिनींना म्हणाले, "मला चेहरे आठवतात, नंबर नाही." वहिनी म्हणाल्या, "तुम्ही चेहरा बघता. मला नंबर वाचून काच मागवायला लागते."

तासाभरात, मागे राहिलेल्या पहिल्या सोळांसकट, शंभर नावं झाली. दोन चुकली, आणि ते दोघे जुळे भाऊ होते.

मग लेक पुढे आली आणि वहिनींचा हात हातात घेतला. "काकू, शनिवारचं मी बोलले ते विसरा. तुम्ही इथेच राहायचं. टाइप करताना झालेली चूक, ती काय, कोणाच्याही हातून होते. आपण आता त्यावर बोलायचं नाही."

"बरं," वहिनी म्हणाल्या.

झालं. नोकरी राहिली. मला पर्स उचलून घरी जाता आलं असतं. तशी ती मी उचललीही होती. पण त्यांनी ते 'बरं' कसं म्हटलं ते मी ऐकलं होतं. जी चूक केली नाही तिची माफी त्यांनी मान खाली घालून घेतली, आणि माफी देणारीला वाटलं आपण मोठं मन दाखवलं. मला सगळ्यांचा राग आला आणि या वेळी कारण आधीच येऊन उभं होतं.

"चूक त्यांची नव्हती," मी म्हणाले. "त्यांनी एक अक्षर चुकीचं टाइप केलेलं नाही. प्रोग्रॅमच चुकीचं साठवत होता, पहिल्या दिवसापासून. चौदावी ओळ." आणि मग घसा साफ करून, "तो प्रोग्रॅम मी लिहिलाय. यांची धाकटी जाऊ लागते मी. कागदी कार्डं टाका म्हणून सांगणारीही मीच."

फोल्डर वाकले, बादलीवरून फोल्डर उचललं, पान उलटलं आणि दुपारचं माझं वाक्य खालपर्यंत वाचलं. मग त्यांनी मला विचारलं, "हे खोडू का?"

"राहू दे," मी म्हणाले.

लेकीचा चेहरा लाल झाला होता. "काकू, मला माहीत नव्हतं. मी तुमची माफी मागते."

वहिनींनी आपला हात सोडवून घेतला. "मॅडम, मला विचारलंत ते तुम्ही बाहेर विचारलंत. खुर्च्या भरलेल्या होत्या." त्यांचा आवाज चढला नाही. "आजही भरलेल्या आहेत."

लेक बाहेर गेली. आम्हाला आतून ऐकू आलं. ती खरोखर मोठ्याने बोलली, सुरुवातीला अडखळत. काकूंनी काहीही चुकीचं टाइप केलेलं नाही, मी त्यांच्यावर नाहक आळ घेतला, असं स्वच्छ म्हणाली. त्यावर ते मघाचे आजोबा म्हणाले, "ते आम्हाला माहीतच होतं. पण आमचा नंबर कधी लागणार?"

वहिनी पदराशी नाही, डोळ्यांशी नाही, कशाशीच चाळा न करता स्टुलावर बसल्या. मी त्यांच्यापुढे उभी होते, थोरल्या जावेपुढे धाकटीने उभं राहावं तशी.

"वहिनी, तुम्हाला खरंच वाटलं होतं का तुमची चूक आहे?"

"छे. मला माझा हात माहीत आहे."

"मग माझी आहे असं वाटलं?"

"आपण दोघींनीच तर हात लावलाय त्या कॉम्प्युटरला. मी नाही, म्हणजे तू." त्यांनी स्टूल स्क्रीनजवळ ओढलं. "सोमवारी या गृहस्थांनी विचारलं होतं, जुना प्रोग्रॅम कोणी लिहिला. मी म्हटलं, आठवत नाही."

चारशे बारा माणसं चष्म्याच्या नंबरावरून आठवणाऱ्या बाईला प्रोग्रॅम कोणी लिहिला ते आठवत नाही, यावर फोल्डरनी तेव्हा विश्वास ठेवला होता. आता ते मान हलवत होते.

"चार दिवस तुम्ही ऐकून घेतलंत," मी म्हणाले. "सांगायचं ना त्यांना सरळ."

"सांगितलं असतं तर त्यांनी तुला दारात उभं केलं असतं का? आणि मग दुरुस्त कोण करणार होतं? हे?" फोल्डरनी ते मनाला लावून घेतलं नाही. "तू येशील, बघशील, सापडलं की बोलशील, असं वाटलं होतं. दुपार टळली तरी तू बोलेनास, तेव्हा मात्र मला शनिवारची भीती वाटायला लागली."

मी पर्स खोक्यावर ठेवली आणि खुर्चीत बसले.

"अजून तीनशे बारा राहिलेत," वहिनी म्हणाल्या. "मी सांगते, तू टाइप कर. आणि प्रत्येक नाव मला परत वाचून दाखव. तुझ्यावर मी आता विश्वास ठेवत नसते."

मी एकशे एकावी नोंद उघडली.